घर बंद, आत खोकला

अकराशे साठ कार्डांपैकी दोनशे बारांवर लाल पेन्सिलीने तीनचा आकडा होता. आमच्या खात्यात तीन म्हणजे ‘घर बंद’. ही कार्डं वेगळी काढायची, मोजायची आणि रबर लावून मॅडमच्या टेबलावर ठेवायची, एवढंच त्या सोमवारी सकाळी माझं काम होतं. कार्डाच्या तळाशी शेऱ्याचा एक रकाना असतो. पाहणी करणाऱ्याने त्यात वाटेल ते लिहावं. तो संगणकात भरला जात नाही, म्हणून कोणी वाचतही नाही. मी वाचतो. त्यात कर्तव्यदक्षता वगैरे काही नाही. समोर अक्षर दिसलं की मला राहवत नाही. पुडीचा कागदसुद्धा मी उलगडून वाचतो. ‘कुलूप. शेजारी म्हणाले, मुलीकडे गेले.’ ‘कुलूप.’ ‘कुत्रा.’ आणि मग एका कार्डावर, तीन फेऱ्यांच्या तीन तारखांसमोर, शाळकरी वळणाच्या बारीक अक्षरात: ‘दार बंद. दिवा चालू.’ ‘दार बंद. दारामागे हालचाल.’ ‘दार बंद. आत खोकला.’ कार्डावर नाव नसतं, फक्त इमारतीचा आणि घराचा क्रमांक असतो. तो क्रमांक माझा होता. तो ओळखायला मला थोडा वेळ लागला. चाळीस वर्षं मी घरं अशी क्रमांकांनीच पाहत आलो, पण त्यांतल्या कुठल्या घरात मी राहत असेन हे कधी मनात आलं नव्हतं.

मी बहात्तर वर्षांचा आहे. निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांतच खात्याने मला कंत्राटावर परत घेतलं. हुद्दा ‘संशोधन साहाय्यक’. पंचविशीतल्या माणसाला शोभावा असा हा हुद्दा आहे आणि माझ्या टेबलावरच्या पाटीकडे बघून नवे लोक हसू दाबतात. मागे मला ‘दशांश’ म्हणतात. कोणी ‘साधारण दहा टक्के’ म्हटलं की मी, इच्छा नसताना, ‘नऊ पूर्णांक आठ’ म्हणतो म्हणून. नाव वाईट नाही. पूर्णांकाच्या उजवीकडे, ठिपक्याच्या आडोशाला बसणं मला आवडलं असतं. या वेळची पाहणी सत्तरीपुढच्या लोकांची होती. शहराच्या आमच्या भागात चार वर्षं ‘घरभेट’ नावाची योजना चालू आहे: एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आठवड्यातून एकदा परिचारिका जाते, रक्तदाब बघते, गोळ्या वारांप्रमाणे डब्यात लावून देते. ज्यांना आजारपणात बोलावण्यासारखं कोणी नाही अशांचं प्रमाण बारा टक्के किंवा वर असेल तर योजना चालू राहणार, खाली असेल तर महिनाअखेर बंद. आकडा शुक्रवारी दुपारपर्यंत वर पाठवायचा होता. उत्तर दिलेल्या नऊशे अठ्ठेचाळीस घरांपैकी एकशे सहा घरं तशी निघाली होती. अकरा पूर्णांक दोन. आणि बंद घरांचं काय करायचं, याचा एक नियम आहे. तीन फेऱ्यांनंतरही बंद आढळलेलं घर त्याच भागातल्या, त्याच वयाच्या, उत्तर मिळालेल्या घरासारखंच आहे असं धरावं. म्हणजे बंद घरांमुळे टक्केवारी हलत नाही. हा नियम एकतीस वर्षांपूर्वी मी लिहिला. तेव्हा मला तो फार सुरेख वाटला होता. हिला वाचूनही दाखवला होता. ती म्हणाली होती, “पण बंद घर उघड्या घरासारखं कसं असेल?” मी तिला समजावून सांगितलं होतं, आणि बहुधा थोड्या वरच्या आवाजात.

दार उघडणं हे हिचं खातं होतं. बेल वाजली की मी पुस्तकातून मान वर करायचो आणि ती उठायची; बत्तीस वर्षांत यात बदल झाला नाही. ती गेली त्याला सहा वर्षं झाली आणि त्या खात्याचा कारभार मी अजून हातात घेतलेला नाही. लहानपणी पाहुणे आले की मी दाराच्या आणि कपाटाच्या मधल्या जागेत उभा राहायचो. आई पाहुण्यांना सांगायची, “झोपलाय तो.” मी उभ्याउभ्या ते ऐकायचो आणि खरोखरच डोळे मिटायचो, तिचं खोटं व्हायला नको म्हणून. त्या जागेचा वास मला अजून येतो: लाकूड, डांबराच्या गोळ्या आणि माझा स्वतःचा रोखलेला श्वास. पाहणीवाल्या बाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी दारापाशी गेलो होतो. कडीवर हात होता. अंगात बनियन, उंबरठ्याच्या आत चपला उलट्यासुलट्या, टेबलावर कालचे कप. बाहेरून आवाज आला, “काका, फक्त वीस मिनिटं.” हे वाक्य पाहणी करणाऱ्यांच्या माहितीपुस्तकात मीच घातलेलं आहे. प्रत्यक्षात चाळीस लागतात. त्यामुळे मी उघडलं नाही असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. मग खोकला आला.

दोनशे बारा कार्डांचे सगळे शेरे मी जेवणाच्या सुट्टीत वाचून काढले. एकशे पंचावन्न घरं खरोखर बंद होती. सत्तावन्न घरांत कोणीतरी होतं: रेडिओ, नळ, पावलं, ‘आतून “नकोय” असा आवाज’. या सत्तावन्नांना आणि बाहेरगावी गेलेल्यांना आम्ही एकच आकडा दिला होता, तीन. बाकीच्या एकशे पंचावन्नांना जुनाच नियम लावून कागदाच्या पाठीमागे मी हिशेब केला. या सत्तावन्नांत सोळा घरं तशी निघाली, तर आकडा बारावर जातो. इतर कोणी हा हिशेब केला असता तर मी विचारलं असतं, निघतील कशावरून? मलाही तेच विचारावंसं वाटत होतं. माझ्याकडे पुरावा म्हणून एकच घर होतं, आणि एका घरावरून काहीही सिद्ध होत नाही, हे नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवणारा मीच.

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. मला मुलगी नाही, पण वय सांगायची ही सोयीची रीत आहे. त्या वाईट नाहीत. भरभर बोलतात एवढंच.

“काका, नियम तुमचाच ना? आता शेवटच्या आठवड्यात तुम्हीच तो मोडायला निघालात?”

“मोडायचा नाही. तो या सत्तावन्नांना लागू पडत नाही असं वाटतं.”

“वाटतं? तुम्हाला? दशांशात वाटतं की कसं?”

मी कार्ड पुढे केलं. “हे घर माझं आहे.”

त्यांनी शेरे वाचले. मग माझ्याकडे बघितलं. “तुम्ही आत होता?”

“तिन्ही वेळा.”

“अहो, पण का?”

याचं उत्तर मी चालता चालता तयार केलं होतं, पण ते त्या खोलीत मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, “कामात होतो.” खिडकीजवळच्या टेबलावर पाहणीवाल्या बाई प्रवासाचा तक्ता भरत होत्या. त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

“तो खोकला तुमचा होता होय? मी जिन्यात म्हटलंसुद्धा, हुबेहूब आमच्या दशांशांसारखा खोकणारा दुसराही आहे म्हणायचा जगात.”

दोघी हसल्या. मीही हसलो. हसून झाल्यावर मॅडमनी कोरं कार्ड ओढलं. “चला, तुमचं तर आत्ताच भरू. सत्तावन्नातलं एक तरी मिटेल.” त्या विचारत गेल्या, मी सांगत गेलो. वय. एकटे की कुटुंबासह. जिने किती. पडलात का गेल्या वर्षात. मी दोन वेळा पडलो होतो; एकदा म्हणालो. मग प्रश्न चौदा: आजारी पडल्यास एका दिवसात तुमच्या घरी येऊ शकेल अशी व्यक्ती आहे का?

“आहे,” मी म्हणालो.

“कोण?”

“बहीण. मोठी.”

“गावातच?”

“बसने नऊ तास.”

“वय?”

“एकोणऐंशी.”

मॅडमचं पेन थांबलं. पण उत्तर देणारा जे म्हणेल तेच लिहायचं, त्यात आपलं मत मिसळायचं नाही, हाही नियम आहे. त्यांनी ‘आहे’ वर खूण केली. ‘आहे’ म्हटलं की कार्ड तिथेच संपतं. त्यांनी ते माझ्यापुढे सहीला सरकवलं आणि मी सही केली. योजना वाचावी म्हणून मी त्या टेबलापाशी गेलो होतो, आणि तिच्या विरुद्ध एक घर मोजून परत आलो.

त्या संध्याकाळी मी घरापर्यंत चालत गेलो. बागेच्या कुंपणाशी थांबून मी बराच वेळ एका माणसाला बाकाला रंग देताना बघत होतो. मी ‘आहे’ का म्हणालो? खोटं बोलायचं ठरवून मी गेलो नव्हतो. मॅडमचे डोळे माझ्यावर होते. बाईंचा चष्मा माझ्याकडे वळला होता. त्या दोघींसमोर ‘नाही’ म्हणणं म्हणजे भर कचेरीत अंगातला सदरा काढण्यासारखं होतं. पुस्तकात मी हे वाचलं होतं: समोर बसून विचारलं की लोक अब्रू सांभाळून उत्तरं देतात. परीक्षेत यावर मी दोन पानं लिहिली होती आणि मला गुणही चांगले पडले होते. बाकाचा रंग हिरवा होता आणि तो माणूस खालच्या बाजूलाही रंग देत होता, जिथे कोणी बघत नाही. तेव्हा मला वाटलं की ज्यांनी दार उघडलं नाही त्यांना दार उघडायला लावणं हीच चूक आहे. विचारायचं, पण बंद दारातून. उत्तर देणाऱ्याला कोणी बघायचं नाही.

“म्हणजे मी दाराशी गप्पा मारू?” मंगळवारी बाईंनी विचारलं.

“दारामागे कोणी असलं तर.”

“आणि नसलं तर लोक मला वेड्यांच्या इस्पितळात पोचवतील. तुम्ही चला बरोबर. वेडे दोन असले की त्याला समिती म्हणतात.”

मॅडमनी तीन दिवस दिले. “प्रश्नातला शब्द बदलायचा नाही, काका. आणि पुन्हाही जे बोलणार नाहीत ते सगळे ‘गरज नाही’मध्ये जातील. आपल्या बाजूने काही ओढलं असं कोणी म्हणता कामा नये.” मी हो म्हणालो. मीही तेच म्हणणार होतो. पहिल्या दोन घरांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या घराबाहेर बाई वर्गात बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “दार उघडू नका. आम्हाला आत यायचं नाही. आम्ही इथून विचारतो, तुम्ही तिथून सांगा.” मी जिन्याच्या पायरीवर कार्ड मांडीवर घेऊन बसलो होतो. आत काहीतरी सरकलं.

“काही विकायला आलात का?” बाईमाणसाचा आवाज, कोरडा.

“नाही.”

“मग काय पाहिजे?”

“चौदा प्रश्न आहेत. फार तर वीस.”

“आणि उघडायचं नाही ना?”

“मुळीच नाही.”

“थांबा, खुर्ची आणते.”

खुर्ची फरशीवर घासत आली. मग आम्ही तिघं, मध्ये दार ठेवून, पाऊण तास बोललो. मी बोललो नाही, लिहीत होतो. ती हसरी होती. पडण्याबद्दल विचारलं तर म्हणाली, “पडते की, पण अजून पद्धत जमली नाही.” प्रश्न चौदाला ती आधी ‘आहे’ म्हणाली. मुलगा आहे, शहरातच आहे, फोन करतो. बाई पुढच्या ओळीकडे वळणार तेवढ्यात आतून पुन्हा आवाज आला, पहिल्यापेक्षा हळू, दाराच्या अगदी जवळून. “अहो. ते खोडा. नाही लिहा.” बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खोडलं. वर ‘नाही’ लिहिलं. पुढचे प्रश्न होते ते फक्त ‘नाही’ म्हणणाऱ्यांसाठी, आणि इतक्या वर्षांत ते कोणाला विचारताना मी ऐकले नव्हते. ते मी लिहिले होते एवढंच.

सगळी दारं अशी नव्हती. एका शिक्षकाने आतून माझं व्याकरण सुधारलं आणि चारही मुलगे एका हाकेत येतात असं ठणकावून सांगितलं. ते खरं असावं. एकाने तास खाल्ला आणि शेवटी म्हणाला, सांगत नाही. एका घरातला रेडिओ आमच्या पहिल्या शब्दाबरोबर बंद झाला आणि आम्ही जिना उतरल्यावर पुन्हा लागला. मी विचार करत होतो की आम्ही लोकांना उकरून काढतो आहोत का. जो माणूस दारामागे निवांत आहे त्याला तो एकटा आहे हे तोंडाने म्हणायला लावण्याचा हक्क मला कोणी दिला? बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “तुम्ही फार विचार करता. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याला दिसत नाही. सोमवारी नर्स येऊन गोळ्या लावून जाते. ती यायची थांबली की तो चाचपून खाणार. हक्काचं त्याला विचारा.” गुरुवारी दुपारी चारला आमची दारं संपली. बेरीज मी तीनदा केली. पंधरा. पंधराने आकडा होतो अकरा पूर्णांक नऊ.

बाईंनी बेरीज बघितली, चष्मा पुसला, आणि पिशवी उचलली. दारातून म्हणाल्या, “छप्पन्न दारं झाली, दशांश. यादीत सत्तावन्न आहेत.” आणि गेल्या.

मी कचेरीतूनच ताईला फोन लावला. बसने नऊ तासांवर ती एका खोलीत राहते, भाऊजी गेल्यापासून.

“कोण गेलं?” ती म्हणाली. मी आपणहून फोन केला की ती हेच विचारते.

“कोणी नाही. एक विचारायचं होतं. मी आजारी पडलो तर येशील का? एका दिवसात?”

“काय झालंय तुला?”

“काही नाही गं. समज.”

“समजायचं काय त्यात? येणारच. कोणी गाडीत बसवून दिलं की आलेच.” मग जरा थांबून, “बसवून देणारं कोण आहे म्हणा इथे. जिना उतरून मला वर्ष झालं.”

“मग येशील कशी?”

“अरे, येईन म्हणायचं असतं. तू नाही का येणार माझ्याकडे?”

“येईन की.”

“झालं तर मग. मागच्या महिन्यात इकडेही आले होते तुमचे ते कागदवाले. विचारलं, आजारपणात कोणी आहे का. मी म्हटलं, आहे ना! माझा धाकटा भाऊ आहे, आकडेमोडीच्या खात्यात मोठा साहेब आहे. एका हाकेत येईल.” ती हसली. “बरोबर सांगितलं ना?”

“बरोबर सांगितलंस,” मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मी तिच्या शहराच्या पाहणीचा विचार करत बसलो. तिथेही कोणीतरी असेल, रबर लावलेले गठ्ठे मोजणारा. त्याच्या बेरजेत ताई ‘आहे’ मध्ये होती, माझ्यामुळे. माझ्या बेरजेत मी ‘आहे’ मध्ये होतो, तिच्यामुळे. दोन्हीकडे पडताळून बघितलं तर कागद निर्दोष होते. मी पडलो तर ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी असणार आणि ती पडली तर मी कडीवर हात ठेवून. हे मला आजच कळलं असंही नाही. पण आज कळण्यात एक अडचण होती. मला सोळावं घर हवं होतं. हवं असलेलं उत्तर खरंही निघालं, की त्याच्यावरचा माझा विश्वास उडतो. चाळीस वर्षं मी इतरांच्या आकड्यांवर याच संशयाने जगलो. पंधरा नसते आणि दहा किंवा वीस असते, तर मी माझं उत्तर बदलायला गेलो असतो का? नसतो गेलो. दहा असते तर उपयोग नाही म्हणून, वीस असते तर गरज नाही म्हणून, आणि दोन्ही वेळा ‘आहे’ तसंच राहिलं असतं, खोटं आणि माझ्या सहीचं. या विचाराने मला बरं वाटलं असं म्हणवत नाही. पण मी उठलो.

शुक्रवारी सकाळी मॅडम एकट्याच होत्या. अहवालाचं पान पडद्यावर उघडं होतं. आकड्याची जागा रिकामी.

“उत्तर देणाऱ्याला उत्तर बदलता येतं,” मी म्हणालो, “पाहणी बंद व्हायच्या आत. पुस्तकात आहे. पान चाळीसच्या आसपास.”

“एकोणचाळीस,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी खणातून माझं कार्ड काढलं. ते वरच होतं. “काका, सोळावं म्हणून बदलताय का?”

“मला खरंच माहीत नाही.”

“मग मी काय लिहू?”

“विचारा. जे म्हणेन ते.”

मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं. त्यांनी खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बसल्या. त्यांच्या केसांत एक पांढरी बट होती. ती मी याआधी पाहिली नव्हती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी चादर झटकत होतं.

“प्रश्न चौदा,” त्या खिडकीला म्हणाल्या. “आजारी पडल्यास एका दिवसात तुमच्या घरी येऊ शकेल अशी व्यक्ती आहे का?”

“नाही,” मी म्हणालो.

पेन चाललं. बारा पूर्णांक शून्य एक. हे माझ्या डोक्यात आपोआप झालं आणि त्या क्षणी ते मला अगदी परक्याच्या कागदावरचं वाटलं. मी सही करायला पुढे झालो.

“बसा,” मॅडम पाठमोऱ्याच म्हणाल्या. “नाही म्हटलं की संपत नाही. अजून सहा आहेत.” त्यांनी पान उलटलं. “प्रश्न पंधरा. परिचारिका आठवड्यातून कोणत्या दिवशी आलेली चालेल?”

“कुठलाही.”

“कुठलाही ही जागा नाहीये कार्डात. एक वार सांगा.”

ती जागा मीच ठेवली नव्हती. लोक नेमकं सांगत नाहीत म्हणून. मी आठवड्याचा एकेक वार मनात फिरवून पाहिला. प्रत्येक वार सारखाच दिसत होता आणि कशाने निवडावं ते कळेना. मॅडम थांबून राहिल्या. त्यांनी घाई केली नाही, वळूनही बघितलं नाही.

“गुरुवार,” मी म्हणालो. “सकाळी. पण त्यांना म्हणावं, दोनदा बेल वाजवा. मला उठायला वेळ लागतो.”